पीक बुडालं, पुस्तकांनी तारलं

पीक गेलं की शेतकरी काय विकतो? बैल, नाहीतर जमीन. इटलीतल्या मॉन्तेरेज्जो या डोंगरी गावानं पुस्तकं विकली! १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. १८१६ साली युरोपात उन्हाळाच पडला नाही, पिकं बुडाली. तेव्हा इथले गडी टोपल्यांत पुस्तकं भरून डोंगर उतरले, असं सांगतात. कित्येकांना अक्षरओळख नव्हती. पण कोणतं पुस्तक खपेल, हे बरोबर कळे. बंदी घातलेली पुस्तकंही त्यांनी लपवून नेली. या फिरत्या विक्रेत्यांच्या परंपरेतून निघालेला 'बांकारेल्ला' पुरस्कार १९५३ मध्ये प्रथम हेमिंग्वेंना मिळाला.

आपल्या आठवडी बाजारात पोथ्या-पंचांगं मांडून कुणी बसला, तर ग्रामपंचायतीनं त्याला आडोशाची जागा द्यावी. कागद भिजला की त्याचंही पीक बुडतं!