पावसांतील स्वार आणि त्याची विजार

मृगाचा पाऊस लागला म्हणजे शहरांतील घराघरांत माळ्यावरून आणि कपाटांच्या तळांतून रेनकोट बाहेर निघतात. कोणाचें बटण तुटलेलें असतें, कोणाची बाही उंदरानें कुरतडलेली असते. मग बाजारांत जाऊन नवा कोट घेतला जातो. त्याचें कापड, त्याची टोपी, त्याचे खिसे, सारें कांहीं निरखून पाहिलें जातें. परंतु त्या कोटाबरोबर जी विजार मिळते तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. कोटाची सोबतीण म्हणून ती पिशवींत पडते, आणि पहिल्याच मुसळधार पावसांत मोटारसायकलस्वार कमरेच्या वर कोरडा व कमरेच्या खालीं ओलाचिंब अशा स्थितींत कचेरींत पोंचतो.

या हेळसांडीचें मूळ आपल्याकडील जुन्या संवयींत आहे. कोंकणांतील शेतकरी भातलावणीच्या वेळीं पाठीवर इरलें घेतो; घाटावरचा शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. दोन्ही साधनें डोकें आणि पाठ झांकतात; पाय उघडेच राहतात. त्यांच्या दृष्टीनें तें योग्यही आहे. उघडी पोटरी भिजली तरी लवकर निथळते, आणि अंग कामांत असल्यामुळें त्याची ऊबही टिकते. मोटारसायकलस्वाराची गोष्ट अगदीं निराळी आहे. तो हालचाल न करतां बसलेला असतो, आणि त्याच स्थितींत वाऱ्याशीं टक्कर देत वेगानें पुढें जात असतो.

पाऊस वरून पडतो हें उभ्या असलेल्या माणसापुरतें खरें आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदास सुमारें ९ मीटर वेगानें खालीं येतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारा स्वार सेकंदास जवळजवळ १७ मीटर पुढें सरकतो. म्हणजे थेंब जितका खालीं येतो त्याच्या दुपटीच्या आसपास स्वार त्याच्यावर चालून जातो. या दोन गतींचा मेळ घातला असतां स्वाराच्या दृष्टीनें पाऊस वरून येतच नाहीं. तो समोरून, उभ्या रेषेपासून साठ अंशांहून अधिक कललेला असा येतो. अशा पावसाच्या माऱ्याला शरीराचे कोणते भाग सांपडतात? छाती, गुडघे आणि नडग्या. त्यांत पुढच्या चाकानें उडविलेलें रस्त्यावरचें पाणी खालून पायांवर येतें तें वेगळेंच. छातीवर कोट असतो. गुडघ्यांवर मात्र पुष्कळदां पातळ सुती पाटलोणीवांचून दुसरें कांहीं नसतें.

भिजलें तर भिजलें, त्यांत काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. परंतु येथें प्रश्न केवळ गैरसोयीचा नाहीं. एक ग्रॅम पाणी बर्फाच्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत नेण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. तेंच एक ग्रॅम पाणी अंगावर वाळावयाचें असेल तर तें सुमारें ५८० कॅलरी घेऊन जातें, आणि ती उष्णता बहुतांशीं अंगांतूनच जाते. ओलें कापड आणि त्यावर सतत वाहणारा वारा यांच्या योगानें ही लूट अखंड चालते. मुंबईच्या दमट हवेंत ती सोसवते. पण ताम्हिणी किंवा आंबोलीसारख्या घाटांत, ढगांत शिरलेल्या रस्त्यावर, तास दीड तासानें पाय गारठतात, बोटें बधिर होतात. मागचा ब्रेक पायानें दाबावयाचा असतो आणि गिअरही पायानेंच बदलावयाचा असतो. बधिर पायाला एक सेकंद उशीर झाला तर ताशीं ६० किलोमीटर वेगाला १७ मीटर रस्ता अधिक संपलेला असतो. ओल्या रस्त्यावर थांबण्यास मुळांतच अधिक अंतर लागतें. त्यांत ही भर पडते. विजारीची निवड ही म्हणूनच सुरक्षिततेची गोष्ट आहे.

पाणी आंत कोठून येतें हें कळलें म्हणजे निवड सोपी होते. सलग कापडांतून तें क्वचितच येतें. पहिली वाट मांडीची. स्वार बसला म्हणजे पोट, मांड्या आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्यें एक खळगा तयार होतो. कोटावरून ओघळलेलें आणि टाकीवरून मागें आलेलें पाणी त्या खळग्यांत सांचतें, आणि त्याच्या अगदीं तळाशीं विजारीच्या चार शिवणी एकत्र येतात. सुईनें पाडलेल्या प्रत्येक छिद्रांतून, शरीराच्या वजनाखालीं, तें पाणी आंत ढकललें जातें. दुसरी वाट घोट्याची. गुडघा वांकला कीं विजार वर सरकते आणि बूट उघडा पडतो. मग बूट हें पाणी सांठविण्याचें भांडें होतें. तिसरी वाट कमरेची. पुढें वांकून बसल्यावर कोट मागून वर उचलला जातो आणि पाठीवरचें पाणी सरळ विजारींत उतरतें.

आतां कापडाचा विचार. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें स्कॉटलंडमध्यें दोन कापडांच्या मध्यें नॅफ्थ्यांत विरघळविलेल्या रबराचा थर देऊन जलाभेद्य कापडाचें पेटंट घेतलें. तें कापड थंडींत ताठ आणि उन्हांत चिकट होई. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यास रबरांत गंधक मिसळून तापविण्याची युक्ति सांपडली आणि तो दोष गेला. हिंदुस्थानांत १९२० सालीं कलकत्त्यास सुरेंद्रमोहन बोस यांनीं जलाभेद्य कापडाचा स्वदेशी उद्योग उभारला, आणि त्यांचें ‘डकबॅक’ हें नांव कित्येक पिढ्यांच्या घरांत रेनकोटाचें दुसरें नांवच होऊन बसलें. पुढें पीव्हीसी आणि नायलॉन आलें. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यानें, ज्या टेफ्लॉनचा लेप घरांतील तव्यावर असतो तोच पदार्थ तापवून झटक्यानें ताणला, आणि त्यास असंख्य सूक्ष्म छिद्रें पडलेलीं आढळलीं. हीं छिद्रें पाण्याच्या थेंबापेक्षां अतिशय लहान, पण वाफेच्या कणापेक्षां मोठीं असतात. त्यामुळें पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊं शकते.

बाजारांत आज मुख्यतः तीन प्रकार मिळतात. निव्वळ पीव्हीसीची विजार स्वस्त असते आणि कापड म्हणून पाणी मुळींच येऊं देत नाहीं. पण ती घामही बाहेर जाऊं देत नाहीं, आणि घड्यांवर लवकर चिरते. दुसरी, आंतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची. ती हलकी, लहान घडी होणारी आणि शहरांतील कामास पुष्कळ अंशीं पुरेशी. तिसरी, सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची, ती महाग. या तिसऱ्या प्रकाराविषयीं एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. वाफ बाहेर जाते ती आंतील आणि बाहेरील हवेंतल्या ओलाव्याच्या फरकामुळें. थंड प्रदेशांत हा फरक मोठा असतो. श्रावणांतील कोंकणपट्टींत बाहेरची हवाच ओलाव्यानें भरलेली असल्यामुळें तो थोडा राहतो, आणि किंमतीच्या मानानें लाभही थोडा होतो. शिवाय हा पडदा जाड पाटलोणीच्या आंत अस्तरासारखा लावलेला असेल तर पाय कोरडे राहतात, पण बाहेरचें कापड पाणी पिऊन जड व गार होतें. म्हणून पुष्कळ अनुभवी स्वार नेहमींच्या पाटलोणीवर चढवावयाची सुटी विजारच पसंत करतात.

कापडाची जलरोधकता मिलिमीटरांत सांगण्याची पद्धत आहे. कापडावर पाण्याचा दाब वाढवीत नेतात आणि किती उंचीच्या स्तंभाचा दाब झाला असतां पाणी आरपार येतें तें मोजतात. १,५०० मिलिमीटर हा आंकडा हलक्या सरींपुरता समजावा. बैठकीवर आणि गुडघ्यांवर पडणारा दाब लक्षांत घेतां मुसळधार पावसांत स्वारी करणाऱ्यानें १०,००० किंवा त्याहून अधिक आंकडा मागावा. पण हा आंकडा केवळ कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. शिवणींवर आंतून पट्टी चिकटविली आहे कीं नाहीं हें विजार उलटी करून पाहिल्यावांचून कळत नाहीं, आणि नुसत्या आंकड्यापेक्षां ही पट्टी अधिक महत्त्वाची आहे. बैठकीच्या जागीं चार शिवणी एका बिंदूंत मिळण्याऐवजीं तेथें एक सलग चौकोनी तुकडा घातलेला असेल तर ती विजार डोळे मिटून वरच्या प्रतीची मानावी. पुढें झिप असेल तर तिच्या मागेंही सलग कापड असावें. कमरेला नुसतें इलास्टिक असून पुढें उघडणेंच नसेल तर आणखी चांगलें.

माप घेतांना उभें राहून घेऊं नये. नेहमींची पाटलोण आणि बूट घालून, वरून विजार चढवून, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीवर मांड ठोकून पाहावी. गुडघे वांकल्यावरही तिची कड बुटाच्या टांचेपर्यंत आली पाहिजे. त्यासाठीं ती नेहमींच्या पाटलोणीपेक्षां दोनतीन इंच लांब लागते. विजार बुटावरून बाहेर असावी. ती बुटांत खोंवली तर सारें ओघळणारें पाणी बुटांतच जाईल. कंबर मागल्या बाजूस उंच असावी आणि कोट तिच्यावर निदान वीतभर यावा. खालच्या टोंकास पोटरीपर्यंत झिप असेल तर बूट न काढतां विजार चढवितां येते. रस्त्याच्या कडेला, अचानक आलेल्या सरींत, हा लाभ लहान नव्हे. कारण जी विजार चढविण्यास त्रास पडतो ती पिशवींतच राहते.

विजार सैल हवी, पण खालीं मोकळी नको. फडफडणारी कड गाडीच्या सांखळींत, गिअरच्या दांड्यावर किंवा किकमध्यें अडकूं शकते. म्हणून घोट्याशीं आवळण्यास वेल्क्रोची पट्टी पाहिजे. बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजव्या बाजूस असतो. नायलॉन २२० ते २६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतें, आणि पीव्हीसी त्याहून पुष्कळच कमी उष्णतेला मऊ पडतें. चिकटलेलें प्लॅस्टिक कातडीसकट निघतें. यासाठीं उजव्या पोटरीच्या आंतल्या बाजूस उष्णता सोसणाऱ्या कापडाचा तुकडा लावलेला असावा. काळ्या रंगाची आवड कितीही असली तरी पावसाच्या अंधारांत मागून येणाऱ्या ट्रकचालकास दिसण्यासाठीं पोटऱ्यांवर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या असाव्यात.

विजारीऐवजीं मोठा घोळदार झगा घेऊन त्यानेंच गुडघे झांकण्याची रीत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी. वेगांत हा झगा शिडासारखा फुगतो, आणि त्याचें टोंक मागच्या चाकांत गेलें तर स्वार खालीं खेंचला जातो. मागें बसणाऱ्या स्त्रीच्या पदराची आणि ओढणीची हीच गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनीं मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें संरक्षण बंधनकारक केलें आहे, तें याच कारणासाठीं. मागें बसणाऱ्या व्यक्तीलाही दोन पायांची विजार आणि आंखूड कोटच सुरक्षित होय.

नवी विजार आणल्यावर तिची परीक्षा घरींच करावी. आंत वर्तमानपत्राचे कोरडे कागद मांड्यांपासून घोट्यांपर्यंत घालावे, विजार चढवून न्हाणीघरांत स्टुलावर स्वारासारखें बसावें, आणि दहा मिनिटें मांडीवर पाण्याची धार घ्यावी. कोठून पाणी आलें तें कागद सांगतील. पावती जवळ असतांना केलेली ही परीक्षा घाटांत होणाऱ्या परीक्षेपेक्षां स्वस्त पडते. पुढें प्रत्येक वापरानंतर विजार उलटी करून सावलींत टांगावी. ओली घडी घालून ठेवल्यास लेप सुटूं लागतो आणि बुरशी धरते. कपडे मऊ करणारें द्रव्य तिला लावूं नये. त्यानें वरचें पाणी झटकण्याचा गुण जातो. पावसाळा संपल्यावर घट्ट घडी न घालतां सैल गुंडाळी करावी.

तरीही विजारीची एक मर्यादा आहे. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसास मुसळधार म्हणतो, आणि २०४.४ च्या वर गेलेला पाऊस अत्यंत मुसळधार समजतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशीं रस्ता कोठें संपतो आणि उघडें गटार कोठें लागतें हें पाण्यावरून दिसत नाहीं. उत्तम विजार स्वारास कोरडें ठेवील, त्याचे पाय ऊबदार आणि तत्पर ठेवील. पण गुडघाभर पाण्यांतून वाट काढण्याचा धीर तिच्यापासून घेऊं नये. अशा वेळीं गाडी उंचशा जागीं उभी करावी, घरीं निरोप पाठवावा, आणि पाणी उतरेपर्यंत थांबावें. दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना स्वार उशिरां आला तरी चालतो.