हिरडीच्या आत

प्रोबचं बोथट टोक दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सरकवायचं, जोर लावायचा नाही. निरोगी हिरडीत ते तीन मिलिमीटरच्या आतच अडतं. खुर्चीत बसलेल्या काकांच्या दाढेपाशी मात्र ते सात मिलिमीटर आत गेलं आणि बाहेर काढताच मागोमाग रक्त आलं. आम्ही दातांचे डॉक्टर अशा खोल फटीला पॉकेट म्हणतो.

“ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला घासणंच सोडलंय,” काका म्हणाले.

पॉकेटच्या तळातली किंचित खरवड पाण्याच्या थेंबात मिसळून काच फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळा थेंब वळवळत होता. नागमोडी, धाग्यासारखे स्पायरोकीट एकमेकांत गुंतत, सुटत, पुन्हा उसळत होते. काकांनाही दाखवलं, ते बराच वेळ डोळा लावून बसले.

हे जंतू पॉकेटमध्येच थांबतात असं नाही. हिरड्या सडवणाऱ्या तीव्र आजारातले ऊतींचे तुकडे मॅक्स लिस्टगार्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९६५ साली त्यांनी नोंदवलं, की स्पायरोकीट पाव मिलिमीटर आत, वरून धडधाकट दिसणाऱ्या ऊतीतही शिरलेले असतात.

त्यांच्या सोबतीने सापडणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस मला जास्त धोकादायक वाटतो. त्याला स्वतःहून हलताही येत नाही. अंगावरच्या बारीक तंतूंनी तो हिरडीच्या पेशीवरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला चिकटतो आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये हे वीसेक मिनिटांत घडतं. पेशी लगेच मरत नाही. तिच्या आडोशाला तो वाढतो, मग शेजारच्या पेशीत शिरतो. त्याची जिंजिपेन ही विकरं प्रथिनं कापत जातात. हिरडीतून रक्त आलं की त्याचं फावतंच, कारण वाढीसाठी लागणारं लोह त्याला रक्तातून मिळतं. दाढेखालचं हाड मात्र तो खात नाही. त्याच्याशी झुंजताना उठलेला आपल्याच शरीराचा दाह ते झिजवतो.

म्हणूनच नुसत्या चुळा भरून पायरिया बरा होत नाही. औषधी पाणी पॉकेटच्या तळापर्यंत पोचत नाही, पेशींच्या आत तर नाहीच. मुळांवरचं कीटण खरवडून काढावंच लागतं, खोल पॉकेट असेल तर कधी शस्त्रक्रियाही. झिजलेलं हाड बहुतेक वेळा पूर्ण भरून येत नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका. मऊ ब्रशने घासत राहा आणि दातांच्या डॉक्टरांकडून पॉकेट मोजून घ्या.