माजघराच्या दाराची काच

जुन्या घरांतील आतल्या दारांना काच का बसवीत असत, हा प्रश्न ती काच फुटेपर्यंत सहसा कोणाला पडत नाही. माळशिरसमधील एका जुन्या घरात तो एका उन्हाळ्यात पडला. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये दुहेरी फळ्यांचे सागवानी दार. प्रत्येक फळीच्या खाली लाकडी दिल्हा आणि वर काच. दुपारच्या वावटळीत दार आपटले आणि उजव्या फळीची काच आडवी तडकून तिचा कोपरा खाली आला. त्या जागी पुठ्ठा लावला गेला. दोनच दिवसांत घरातील वृद्ध सासूबाई म्हणाल्या, “तांदळातली कीड दिसेनाशी झाली.”

माजघराला स्वतःची खिडकी नाही. तेथील उजेड ओसरीकडून उसना येतो, तो याच दोन काचांतून. धान्य डोळ्यांसमोर धरून शोधल्याशिवाय चुलीपर्यंत जाऊ न देणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात दिवसाचा उजेड ही चैनीची वस्तू नसते. विजेचा दिवा आहेच. पण ताटातील खपल्या आणि किडा यांतला फरक त्यांना खिडकीच्या उजेडातच कळे.

मुलाचे म्हणणे वेगळे होते. घरात चार वर्षांचा नातू धावत असतो. जुने दार काढून बाजारातील तयार फ्लश डोअर लावावे, म्हणजे काचच नको आणि धोकाही नको. सून मात्र सासूबाईंच्या बाजूने बोलली, “आईंचं निवडण्याचं काम उजेडावरच चालतं. दार राहू दे, काचेचं बघू.” दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच हा निर्णय केवळ हौसेचा नव्हता.

मिस्त्रींनी आधी शाबूत काच पाहिली. तिच्यातून पलीकडचा खांब पाण्यात पाहावा तसा हलता दिसे. काच वर्षानुवर्षे हळूहळू खाली ओघळते आणि म्हणून अशी लहरते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. घरातल्या तापमानात काच वाहत नाही. लहरी आल्या त्या बनविण्याच्या पद्धतीमुळे. पूर्वी काचेचा फुगवलेला नळा उभा चिरून, पुन्हा तापवून सपाट करीत. पुढे यंत्राने वितळलेल्या काचेची चादर वर ओढून घेऊ लागले. दोन्हींत पृष्ठभाग थोडा उंचसखल राही. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवतात, त्यामुळे आजची काच आरशासारखी सपाट असते. आपल्याकडे पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये आणि कऱ्हाडजवळ ओगले बंधूंच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये काच कारखाने उभे राहिले. ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. तरी दारे-खिडक्यांची सपाट काच दीर्घकाळ परदेशांतून, विशेषतः बेल्जियममधून येत राहिली. जुन्या दाराची तंतोतंत जोडी आज दुकानात मिळणे म्हणूनच कठीण.

आता प्रश्न कोणत्या काचेचा. फोटो फ्रेमच्या दुकानात मिळणारी साधी चार मिलिमीटरची काच तासाभरात कापून मिळते. दुकानदाराची हिरकणी काच खरे तर कापत नाही. ती बारीक ओरखडा काढते आणि काच त्या रेषेवर मोडते. स्वस्त आणि सोपे; पण तशीच काच आधी फुटली होती. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर चिकटून राहते. जुन्या दाराच्या खाचेत मात्र तिची जाडी मावेना. टफन्ड काच फुटलीच तर धारदार सुऱ्यांऐवजी बोथट खड्यांसारखे तुकडे होतात. तीच ठरली. एक अट महत्त्वाची: टफन्ड केल्यानंतर ती कापता येत नाही. माप चुकले की पैसे गेले, आणि बँकेत जशी खाडाखोड चालत नाही तशी येथेही नाही.

म्हणून सारा वेळ मापात गेला. जुनी चौकट काटकोनात राहिलेली नसते. मिस्त्रींनी रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजली, दोन्ही कर्ण मोजले, त्यांत पाच मिलिमीटरचा फरक निघाला. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो खाचेत बसवून पाहिला. सर्वांत लहान मापातून तीन मिलिमीटर वजा केले, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि काचेला श्वास घ्यायला जागा लागते. काच मोठ्या गावाहून मागवावी लागली. तोवर पुठ्ठा तसाच.

तुटकी काच काढताना आधी तिच्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली, जाड हातमोजे घातले. लाकडी पट्टी पटाशीने मधोमध उचकटली. टोकाकडून उचकटली असती तर ती चिरली असती. जुनी लांबी दगडासारखी झाली होती. तिच्यावरच्या जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. म्हणून ती कोरडी घासली नाही. पाणी शिंपडून खरवडली आणि नातवाला तेवढा वेळ शेजारी पाठविले. तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून, खोक्यात घालून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून कचरागाडीवाल्याच्या हाती दिले. उकिरड्यावर तोंड घालणाऱ्या गाईला किंवा हात घालणाऱ्या माणसाला अक्षरे वाचायला वेळ नसतो. जाड गुंडाळीच तेथे उपयोगी पडते.

नवी काच आली. खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेल्या लांबीचा पातळ थर खाचेत दिला, त्यावर काच हलकेच दाबली, मग जुनीच पट्टी बारीक चुकांनी ठोकली. ठोकताना हातोडीची बाजू काचेवर सरकवीतच मारायची असते. लांबी पुरती सुकायला दिवस लागतात, रंग त्यानंतर. डाव्या फळीच्या जुन्या काचेवर मागील बाजूने पारदर्शक सुरक्षा फिल्म चिकटविली, म्हणजे ती कधी फुटली तरी कोसळू नये.

दारात आता एक काच सपाट आहे आणि एक लहरती. नातवाला लहरती आवडते. तिच्यातून तो आजीचे नाक वाकडे करून पाहतो. आजी उजव्या काचेसमोर सूप घेऊन बसतात.