आजोबांच्या काळातले एचएमटी घेताना

हल्ली आपल्या तरुण मंडळींच्या मनगटावर पुन्हा चावीची घड्याळे दिसू लागली आहेत. बहुतेकांना हवे असते ते एचएमटी: ‘जनता’, ‘पायलट’ किंवा ‘सोना’. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या घड्याळांची मागणी वाढली, तसा रंगवलेला आणि जोडजमव केलेला मालही बाजारात आला. जुन्या तबकडीवर नवा, भडक रंग चढवलेल्या अशा घड्याळांना संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असे नावच ठेवले आहे.

म्हणून माझा पहिला नियम असा: चकचकीत तबकडी दिसली की सावध व्हायचे. भिंगातून अक्षरे पाहा. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते, रंगवलेली जाडसर आणि किंचित वाकडी. तबकडी कोरी करकरीत, पण केसच्या कडा झिजून मुलाम्याखालचे पितळ दिसते, तर दोघांचे वय जुळत नाही.

दुसरे, मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा. आमच्या गुंदला पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. पेटीत पडून राहिलेल्या घड्याळात ओल शिरायला कितीसा वेळ? स्क्रूंवर किंवा चावीच्या दांडीवर तांबूस गंज दिसला, तर घड्याळ चालत असले तरी खर्च पुढे वाढून ठेवलेलाच आहे. काचेवरच्या ओरखड्यांना मात्र घाबरू नका. ती बहुधा प्लास्टिकची असते, घासून स्वच्छ होते किंवा थोडक्यात बदलता येते.

तिसरे, चावी देऊन पाहा. ती सुरळीत फिरावी, खरखर नको. ‘जनता’चे यंत्र सेकंदाला पाच ठोके देते, कानाशी धरल्यावर ते एकसारखे ऐकू यायला हवेत. जमल्यास एक दिवस उताणे आणि एक दिवस पालथे ठेवून वेळ मोबाइलशी ताडून पाहा. दोन्हींत मोठी तफावत आली, तर नुसत्या साफसफाईने भागेलच असे नाही.

किंमत ठरवताना विक्रेत्याच्या आकड्यात दुरुस्तीचा खर्च मिळवा. समजा, तो दोन हजार मागतो आणि साफसफाई, तेलपाणी, काच मिळून कारागीर आठशे सांगतो, तर घड्याळ तुम्हाला अठ्ठावीसशेला पडते. तेवढ्यात नीट चालणारे, मूळ भागांचे दुसरे मिळत असेल, तर हे सोडून द्या.

आणि असेच एखादे घड्याळ घरच्याच कपाटात सापडले, तर आधी तेच चालू करून घ्या. पण कारागिराला बजावून सांगा, तबकडीला रंग लावू नका. पिवळी पडलेली तबकडी हाच त्याच्या खरेपणाचा दाखला आहे. एकदा रंग चढला की तो पुन्हा मिळत नाही.