मोर्सची की आणि तिचे संग्राहक

मोर्सची की म्हणजे मुळात एक साधा खटका. पितळेची किंवा पोलादाची तरफ, ती पेलणारा आडवा आस, एका टोकाला बोटांत धरायची मूठ, तरफेखाली एकमेकांवर टेकणारी धातूची दोन टोके आणि दाब सुटताच तरफ वर उचलणारी स्प्रिंग, एवढ्यावर काम भागते. मूठ दाबली की विद्युतमंडल जोडले जाते, सोडली की तुटते. क्षणभर दाबली तर बिंदू, त्याच्या तिप्पट वेळ दाबली तर रेघ. तारखाती बंद होत गेली तसे हे खटके अडगळीत गेले. आज जगभरचे हौशी संग्राहक ते शोधून, दुरुस्त करून जपतात.

खटका साधा असला तरी प्रत्येक कामाने त्यात काही ना काही फेरफार करून घेतला. रेल्वे स्टेशनातले टेबल, समुद्राखालची केबल, जहाजावरचा बिनतारी संच, बॉम्बफेकी विमान, यांतल्या प्रत्येकाची गरज वेगळी होती आणि ती त्या त्या कीच्या घडणीत उतरली आहे. म्हणूनच जाणकार संग्राहक की हाती आल्यावर आधी तिची चकाकी पाहत नाही, ती उलटी करून बूड पाहतो. जोडणीचे स्क्रू किती, आस कसा बसवला आहे, टोके किती जाड आहेत, यावरून की कुठली, कधीची आणि कशासाठीची हे बरेचसे कळते.

सॅम्युअल मोर्स यांच्या वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारमार्गावरून २४ मे १८४४ रोजी पहिला अधिकृत संदेश गेला. यंत्रांच्या घडणीत त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांचा मोठा वाटा होता. सुरुवातीच्या की म्हणजे लवचिक पितळी पट्टीला मूठ बसवलेल्या. त्यानंतर आल्या तरफेच्या मधल्या भागाला उंच वाक दिलेल्या ‘कॅमलबॅक’ की. अमेरिकेतल्या संग्राहकांचा जीव या कॅमलबॅकवर असतो. त्या फार थोड्या उरल्या आहेत आणि पुष्कळशा आता संग्रहालयांत आहेत.

पलीकडच्या टोकाला संदेश घेणारे पहिले यंत्र कागदाच्या फितीवर खुणा उठवत असे. घड्याळासारख्या चक्रांवर फीत सरकायची आणि विद्युतचुंबकाने ओढलेली सुई तिच्यावर ठसे पाडायची. पण तारमास्तरांच्या लवकरच ध्यानात आले की फितीकडे न पाहता नुसत्या आवाजावरूनही संदेश उतरवता येतो. त्यातून ‘साउंडर’ आला. त्यात फीत नाही, शाई नाही. एक विद्युतचुंबक आणि त्याच्या ओढीने खाली आपटणारी, ओढ सुटताच वर आपटणारी पितळी पट्टी, इतकेच. जुन्या तारघरातला तो कडकट्ट आवाज याचाच. इथे शिट्टीसारखा लांब-आखूड सूर नसतो. खाली आपटल्याचा आणि वर आपटल्याचा असे दोन ठोके असतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून बिंदू की रेघ ते ओळखायचे. रेडिओवर मोर्स शिकलेला माणूस साउंडरसमोर बसला की पहिले काही दिवस चक्क बहिरा ठरतो.

एकाच खोलीत अनेक साउंडर वाजत असले की आपल्या तारेचा ठोका ओळखणे अवघड जाई. म्हणून साउंडर एका लाकडी खोक्यात बसवून हलत्या दांड्यावर तारमास्तराच्या कानाशी आणत. अमेरिकेतले रेल्वे तारमास्तर त्या खोक्यात साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचायचे. आवाज मोठा व्हायचा आणि त्याला आपला असा नादही यायचा. यासाठी प्रिन्स अल्बर्ट तंबाखूचा डबा इतका रूढ झाला, की आज साउंडरची मांडणी करताना संग्राहक तो डबाही मुद्दाम मिळवतात.

कीच्या रचनेतला सगळ्यात टिकाऊ बदल १८८१ सालचा. तोवर पितळी तरफेला आडवे भोक पाडून त्यात पोलादी आस ठोकून बसवत. दिवसाला हजारो ठोके खाऊन हा आस भोकात सैल व्हायचा, तरफ डुगडुगायची आणि टोके एकमेकांवर नीट टेकेनाशी व्हायची. जेम्स बनेल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात तारमास्तर म्हणून काम केले होते, त्यामुळे हे दुखणे त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यांनी तरफ आणि आस पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवले. सैल व्हायला सांधाच उरला नाही. तरफही बारीक आणि हलकी झाली. १५ फेब्रुवारी १८८१ ही पेटंटची तारीख त्या तरफेवर ठोकलेली असते. मात्र ती पाहून की १८८१ सालची आहे असे समजणे ही नवख्याची नेहमीची चूक, कारण हा नमुना पुढे कित्येक दशके निघत राहिला आणि इतर कारखान्यांनीही त्याच धर्तीवर की बनवल्या.

काही कींच्या बुडाला दोन लांब आटेदार पाय असतात. ते टेबलातल्या भोकांतून खाली जात आणि तारा टेबलाखाली जोडल्या जात. पुढे बिनपायाच्या कींचा प्रसार झाला आणि त्यांच्या जोडणीचे स्क्रू वरच आले. दरम्यान हौशी रेडिओवाल्यांनी जुन्या कींचे पाय करवतीने कापून त्या लाकडी फळीवर बसवल्या. असा कापलेला पाय दिसला की किंमत उतरते.

अमेरिकी आणि युरोपीय की वेगळ्या ओळखण्याची खूण याहून सोपी आहे. अमेरिकेतल्या तारमार्गावर कोणी बोलत नसतानाही प्रवाह अखंड वाहत असे. त्यामुळे आपले पाठवणे संपले की मंडल जोडून ठेवण्यासाठी तिथल्या कीला बाजूला एक आडवी सरकती पट्टी असते. युरोपात आणि ब्रिटिश पद्धतीत तार एरवी रिकामी असे. तिथल्या कीला जोडणीची तीन ठिकाणे असतात: की सुटी असताना तार मागच्या टोकातून घेणाऱ्या यंत्राला जोडलेली, दाबताच पुढच्या टोकातून बॅटरीला. सरकती पट्टी असेल तर बहुधा अमेरिकी, तीन स्क्रू असतील तर बहुधा युरोपीय, असा पहिला अंदाज बांधता येतो.

दिवसभर मनगट वरखाली करून तारमास्तरांचे हात कामातून जात. अमेरिकेत या आजाराला ‘काचेचा हात’ म्हणत, आणि ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये तो भरपाईस पात्र अशा व्यावसायिक आजारांच्या यादीत आला. यावर होरेस मार्टिन यांनी तोड काढली. त्यांच्या १९०४ सालच्या पेटंटातून व्हायब्रोप्लेक्स ही की निघाली. तिची मूठ वरखाली न होता आडवी हलते. अंगठ्याने एका बाजूला दाबले की लवचिक पट्टीवरचे वजन थरथरू लागते आणि बिंदूंची माळ आपोआप सुटते. रेघा मात्र दुसऱ्या बाजूला बोटाने एकेक करून द्याव्या लागतात. वजन पुढेमागे सरकवले की बिंदूंचा वेग बदलतो. या कीला सगळे ‘बग’ म्हणतात, आणि कंपनीने किडा हेच आपले बोधचिन्ह करून टाकले.

बग ही बहुधा तारमास्तराची स्वतःची मालमत्ता असे. ती पेटीत घालून तो कामावर आणायचा. तिच्या दोरीच्या टोकाला एक चपटी दुहेरी पाचर असे. ती तारघरातल्या कीच्या सरकत्या पट्टीखाली खोचली की बग जोडली जाई, स्क्रू काढायची गरज नाही. ही दोरी, पाचर आणि मूळची पेटी यांसह मिळालेल्या बगचा भाव नुसत्या बगपेक्षा बराच जास्त असतो. पाटीवरच्या क्रमांकावरून तिचे साल ठरवण्याची कोष्टके संग्राहकांनी तयार केली आहेत. पाटी उडालेली असेल तर मूठ, वजन आणि बुडावरच्या रंगरेषा यांवरून तर्क करावा लागतो. व्हायब्रोप्लेक्सच्या आधी मार्टिन यांनीच काढलेली बॅटरीवर चालणारी ऑटोप्लेक्स मात्र अतिशय दुर्मिळ. व्हायब्रोप्लेक्स कंपनी आजही बग विकते.

समुद्राखालच्या केबलचा प्रकार निराळा. हजारो मैलांवरून पोहोचणारा प्रवाह इतका क्षीण असे, की त्यावर साउंडर हलणेच अशक्य. शिवाय लांब रेघ पाठवली तर खुणा एकमेकींत मिसळून जात. म्हणून केबलवर बिंदू आणि रेघ सारख्याच लांबीचे, पण उलट दिशेच्या प्रवाहाचे असत. त्यामुळे केबलच्या कीला शेजारी शेजारी दोन तरफा दिसतात. १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलच्या साखळीने ब्रिटनला जोडली गेली. तिचे तिकडचे टोक कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या गावी होते. तिथे आता तारसंग्रहालय आहे आणि लॉर्ड केल्विन यांनी शोधलेला सायफन रेकॉर्डर, म्हणजे बारीक काचनळीने फितीवर नागमोडी शाईरेघ काढणारे यंत्र, तिथे पाहायला मिळते.

जहाजांवरच्या ठिणगीवर चालणाऱ्या बिनतारी संचांत कीमधूनच जबर प्रवाह जाई, म्हणून त्या कींची टोके चांगली जाडजूड असतात. मुठीखाली एक रुंद चकती असते. बोट घसरून धातूला लागू नये आणि झटका बसू नये, हा तिचा हेतू. दुसऱ्या महायुद्धात की अक्षरशः घाऊक निघाल्या. अमेरिकी सैन्याची शिकाऊंसाठीची ‘जे-३८’ अनेक कारखान्यांत तयार झाली. खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली लायोनेल कंपनीही त्यांत होती. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांतली की बॅकेलाइटच्या बंद डबीत असते. आकारामुळे संग्राहक तिला ‘बाथटब’ म्हणतात. रणगाड्यातला बिनतारीवाला तर आपली की मांडीला अडकवून काम करायचा. या युद्धकालीन की अजून माफक किमतीत मिळतात आणि नवख्याने सुरुवात इथूनच करावी. कॅमलबॅकच्या मागे लागून पहिल्याच खरेदीत फसण्यापेक्षा हे बरे.

भारतात तारेचे पहिले प्रयोग विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कोलकात्याजवळ केले, १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली आणि १८५५ मध्ये ती सर्वसामान्यांना खुली झाली. आरंभी ओशॉनेसींचे स्वतःचे सुईचे यंत्र वापरात होते. मोर्सची यंत्रे मागाहून आली. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा तारघरांत मोर्सच्या की वाजत होत्या असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात टेलिप्रिंटर आणि मग संगणकांनी त्यांची जागा फार आधीच घेतली होती. समुद्रावरही १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांचा आधार असलेली नवी संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरचे मोर्स संपले. अशा जुन्या सामानातली एखादी की मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाती लागू शकते. तिथे तिच्याकडे पितळेचे वजन म्हणूनच पाहिले जाण्याचा संभव अधिक.

याच बाजारांतला मोठा धोका नकलांचा. शोभेच्या पितळी ‘जहाजी’ वस्तू भारतात मोठ्या प्रमाणावर बनतात आणि त्यांत मोर्सच्या कीही असतात. मार्कोनी, टायटॅनिक, १९१२ असली अक्षरे कोरलेली पितळी पाटी असली की बहुधा वस्तू नवी आहे, असेच धरून चालावे. खऱ्या कारखान्यांना आपल्या वस्तूवर इतिहास लिहायची गरज नव्हती. नकली कीची टोके समोरासमोर येत नाहीत, आसाला घट्ट-सैल करायची सोय नसते, स्प्रिंग एकतर ताठ किंवा मेलेली आणि लाकडाला वरून काळा रंग दिलेला. पाटीकडे दुर्लक्ष करून मूठ दहा-वीस वेळा दाबून पाहावी. पाठवण्यासाठी बनलेली की हाताला लगेच कळते.

विकत घेतल्यावर पहिला मोह होतो तो घासण्याचा. समई घासावी तशी चिंच किंवा पितांबरी लावून की लख्ख केली, तर पितळेवरचा मूळ लाखेचा पातळ थर जातो आणि तिचे मोलही त्याबरोबर निम्मे झाले म्हणून समजावे. मऊ ब्रशने धूळ काढावी, आसाला घड्याळाच्या तेलाचा थेंब द्यावा, टोकांमधून साधा जाडसर कागद ओढून मळ काढावा. कानस लावू नये. जुन्या कींची टोके प्लॅटिनमची असू शकतात आणि झिजलेले प्लॅटिनम परत मिळत नाही. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर तो मिळेपर्यंत थांबावे, कारण ओरबाडलेली खाच कायमची दिसते.

साउंडर घेतल्यावर वीज जोडण्याआधी त्याचा रोध मल्टिमीटरने मोजावा. सुमारे ४ ओहम असेल तर तो रिलेच्या, म्हणजे क्षीण प्रवाहाने दुसरे मंडल जोडणाऱ्या खटक्याच्या, आधाराने तारघरातल्या तारघरात चालणारा, २० ओहम म्हणजे शिकाऊंच्या जोडसंचातला किंवा लहान खासगी तारेवरचा, शंभराच्या पुढे असेल तर लांबच्या मुख्य तारेवरचा. ४ ओहमच्या साउंडरला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लावली तर ३ अँपियर प्रवाह जाऊन वेटोळे जळते. मीटर काहीच दाखवत नसेल तरी घाबरायचे कारण नाही. तार बहुधा वेटोळ्यातून बाहेर येते त्या जागीच तुटलेली असते आणि डाग देऊन जोडता येते. त्या काळी वीज यायची ती मोरचुदाच्या द्रावणात तांबे आणि जस्त बुडवलेल्या काचेच्या बरण्यांतून. एका बरणीतून साधारण एक व्होल्ट मिळे. अशा रिकाम्या बरण्या, त्यांतले पंजाच्या आकाराचे जस्त आणि खांबांवरचे काचेचे इन्सुलेटर यांचेही स्वतंत्र संग्राहक आहेत.

भारतातल्या संग्राहकाने कायद्याची एक बाब लक्षात ठेवायला हवी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये पुरावस्तूची व्याख्या मूर्ती आणि नाण्यांपुरती नाही. गतकालीन विज्ञानावर प्रकाश टाकणारी, शंभर वर्षांहून जुनी वस्तूही तिच्या कक्षेत येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करताना की किती जुनी आहे हे आधी ठरवावे आणि शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. युद्धकालीन कींना अजून तरी ही अडचण नाही. त्यांची शंभरी भरायला वेळ आहे.