रानाचे राखणदार

दोस्तांनो, स्वतःचं पेन तुम्ही जपता. पण वर्गातला खडू? तो कुणाचाच नाही, म्हणून भरभर संपतो! रानाचंही तसंच.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्यातलं छोटंसं गोंड गाव. पूर्वी तिथला बांबू कागद कारखान्यासाठी तोडला जाई. निर्णय मात्र गावाचा नसे. गावानं वर्षानुवर्षं चिकाटी धरली. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

किती तोडायचा, किती राखायचा, हे गाव एकत्र बसून ठरवतं. मतं मोजून नव्हे, सर्वसहमतीनं! एखाद्याला पटलं नाही, तर पुन्हा चर्चा.

अख्खं गावच राखणदार! मग कुऱ्हाड उचलणारा चारदा विचार करणारच ना?