जमीन कोणत्या कायद्याने जाते?

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात भूसंपादनाची नोटीस आली की पारावर पहिली चर्चा दराची होते: एकरी किती, घरटी नोकरी मिळणार का? जमीन कोणत्या कायद्याखाली मागितली आहे, हे क्वचितच कोणी विचारतं. खरी मेख मात्र तिथेच आहे.

बड्या भांडवलाला वेसण घालतो तो कायदाच. अमेरिकेने हा प्रश्न शतकापूर्वी दोन बाजूंनी हाताळला: मक्तेदारी मोडून आणि लोकांना थेट मत देऊन. 1890च्या शर्मन कायद्याच्या बळावर 1911मध्ये स्टँडर्ड ऑइलचे 34 तुकडे झाले. दुसरीकडे ओरेगॉन राज्याने 1902मध्ये कायद्यांवर थेट सार्वमत घेण्याचा हक्क मतदारांना दिला.

रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, मक्तेदारी होती खोतांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी 1933मध्ये संप पुकारला. 1939पर्यंत शेतं ओस ठेवली. डॉ. आंबेडकरांनी 1937मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडलं, पण कायदा यायला 1949 उजाडलं.

पुढे खोतांच्या जागी कंपन्या आल्या. 2005च्या विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) कायद्यानंतर रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या 45 गावांवर संपादनाचं सावट आलं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने ओरेगॉनसारखंच थेट शेतकऱ्यांचं मत घेतलं. खासगी प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही, हे सरकारने शेतकऱ्यालाच विचारलं. निकाल मात्र अधिकृतपणे जाहीर झाला नाही. संपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला.

या लढ्यांचा धडा 2013च्या भूसंपादन कायद्यात उतरला: खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के.

दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी माणगाव, रोहा, तळा तालुक्यांतल्या जमिनीवर मोहोर उठली ती मात्र राज्याच्या 1961च्या औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) कायद्याने. त्यात कलम 32(2)ची नोटीस येते, हरकती ऐकल्या जातात. संमतीची टक्केवारी कुठेच नाही. संपादनाची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढली की खरेदीदार बिचकतो, बँक कर्जाला नाही म्हणते आणि शेतकरी आपल्याच जमिनीवर अडकून पडतो. कार्यकर्त्या उल्का महाजन आणि त्यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने इथे विरोध संघटित केला. ऑगस्ट 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 12 औद्योगिक क्षेत्रांत याच पट्ट्यातल्या दिघीचंही नाव आहे.

कारखाने नकोत, असं माणगावकर म्हणत नाही. विळे-भागाडच्या एमआयडीसीत त्याचीच पोरं कामाला जातात. पण संमतीची अट एका कायद्यात ठेवायची आणि जमीन दुसऱ्या कायद्याने घ्यायची, ही पळवाट आहे. विधिमंडळाने 1961च्या कायद्यातही संमतीची अट घालावी. तोवर नोटीस हातात पडली की दराआधी तिच्यावरचं कलम वाचा, आणि ग्रामसभेचा ठराव लेखी करून घ्या.